बारांपैकी नऊ खण

१

मंगळवारी सकाळी मी लेखकाच्या घरी पोचले, तेव्हा अभ्यासिकेतल्या कार्डांच्या कपाटाचे बाराही खण बाहेर ओढलेले होते आणि त्यांतले नऊ रिकामे होते.

कपाट जुन्या वाचनालयात असतं तसं, लाकडी, पितळी कड्यांचं. 'भरतीचक्र' ही लेखकाची सात खंडांची मालिका ज्यांनी वाचली आहे, त्यांना त्यातल्या कार्डांबद्दल सांगायला नको. लेखकाच्या प्रत्येक मुलाखतीत या कार्डांचा फोटो असतो. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. समुद्र ओहोटीला म्हणून जातो आणि चाळीस वर्षं परतत नाही. उघड्या पडलेल्या तळावर माणसं राज्यं वसवतात, यंत्रं बांधतात, एकमेकांच्या उरावर बसतात, आणि एक दिवस भरती येते. सहा खंड निघाले होते, सातवा आणि शेवटचा लिहून होत आला होता. त्या जगातली कुठली नदी कुठे मिळते, कोण कुणाचा चुलता, कुठलं यंत्र कशावर चालतं, हे सगळं साडेतीन हजार कार्डांवर टिपलेलं होतं.

मी मुद्रितशोधक. छापायच्या आधी पुस्तकातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. प्रकाशनात मला माघारी काना-मात्रा म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. लेखक हातानेच लिहितात. त्यांची पानं टाइप व्हायच्या आधी माझ्याकडे येतात, कारण 'आणि' ऱ्हस्व असतो हे बावीस वर्षांत त्यांना पटलेलं नाही. पानोपानी 'आणी'. त्याहून मोठी डोकेदुखी नात्यांची. कथेची नायिका एक खलाशीण. वाळूची राणी तिची आत्या, मिठाची राणी तिची मावशी. लेखक हटकून दोघींची अदलाबदल करतात. लिहिताना थांबून कार्ड बघणं त्यांना कमीपणाचं वाटतं. म्हणून प्रत्येक खंडाच्या वेळी मी त्या अभ्यासिकेत पंधरा दिवस बसते आणि पान अन् कार्ड ताडून बघते. आत्या-मावशीची चूक मी सहा खंडांत एकतीस वेळा दुरुस्त केली आहे.

त्या मंगळवारी त्याच कामाला आले होते. खण रिकामे असल्याचं सकाळी लेखकाच्या मुलीला आधी दिसलं आणि तिने संपादकांना फोन केला. ते माझ्या पाठोपाठच घामाघूम होऊन जिना चढून आले. लेखक खिडकीशी पाठमोरे उभे होते. म्हणाले, जाऊ द्या, सगळं माझ्या डोक्यात आहे. संपादकांचा पारा चढला. या पुस्तकांवर पडद्यासाठी मालिका काढणारी कंपनी पुढच्या सोमवारी ती कार्डं पाहायला येणार होती. पोलिसात जावं तर दुसऱ्या दिवशी गावभर. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आठशे पानांत हरवलेला अनुस्वार तुम्हाला सापडतो, नऊ खण सापडणार नाहीत?

मी काही म्हणायच्या आत लेखक वळले.

"शोधायचंच असेल तर बाहेर कशाला जाता, बाई?" ते म्हणाले. "घरातच बघा." आणि त्यांनी खाली, स्वयंपाकघराच्या दिशेने बोट दाखवलं. तिथे त्यांची विधवा वहिनी आमच्यासाठी चहा टाकत होती.

२

आधी मी राहिलेले तीन खण पाहिले.

दहावा, अकरावा, बारावा. त्यांतली कार्डं छापील होती. सहाव्या खंडापासून कार्डांचं काम लेखकाच्या मुलीने संगणकावर घेतलं होतं. म्हणजे सातव्या खंडाची सगळी गुपितं, कोण मरतं, कोण उरतं, भरती कधी येते, ती या तीन खणांत होती. त्यांना कुणी हात लावला नव्हता. गेले होते ते नऊ खण, शाईने लिहिलेले, पाच खंड छापून जगजाहीर झालेल्या माहितीचे.

शेवट फोडायचा असता तर चोराने नेमके उलटे खण नेले असते. म्हणजे चोराला मजकूर नको होता, अक्षर हवं होतं. किंवा ते अक्षर कुणाला दिसायला नको होतं.

ते अक्षर वहिनींचं. लेखकाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते मी रोज वाचते. वहिनी नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यात तीस वर्षं आरेखक होत्या, अक्षर कोरल्यासारखं. लेखक टिपणं काढतात आणि वहिनी त्यांची सुवाच्य प्रत करतात, असं मला पहिल्या खंडाच्या वेळी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. विषय संपला होता.

लेखकाची मुलगी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. करारमदाराचं ती बघते. सरळ बोलणारी, कुणाची भीड न ठेवणारी मुलगी आहे, पण त्या दिवशी शब्द तोलून बोलत होती. कपाटाला कुलूप नसतं, सोमवारी ती दिवसभर कंपनीच्या कार्यालयात होती, घरी बाबा आणि काकू. करारात एक कलम आहे, तिने सांगितलं. हे जग लेखकाची एकट्याची निर्मिती आहे अशी हमी द्यायची, आणि त्याखाली मुलीनेही सही करायची, कारण हक्क पुढे तिच्याकडे येणार. कार्डं त्याचा पुरावा म्हणून बघायची होती.

तिला चोरीबद्दल काय वाटतं, असं मी विचारलं. काकूने नेली असतील असं तिला वाटत नव्हतं. पण बाबांनी ते म्हटल्यावर काकू गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"आणखी एक," ती म्हणाली. "रविवारी दातांचे डॉक्टर आले होते. अर्धा तास ठीक चाललं होतं. मग बाबांनी त्यांना अक्षरशः हाकलून दिलं. का, ते दोघंही सांगत नाहीत."

३

दातांचे डॉक्टर म्हणजे 'भरतीचक्र'च्या वाचकमंडळाचे प्रमुख. पन्नाशीचा माणूस, पण लेखकाचं नाव निघालं की शाळकरी पोरासारखा. मालिकेचा कोश करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं आणि त्यासाठी ते कार्डांचे फोटो काढत होते. मी दवाखान्यात गेले तेव्हा खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या. त्यांच्या दाढेत औषध भरून डॉक्टर बाहेर आले. कार्डं गेल्याचं ऐकून ते मटकन बाकावर बसले. ते नाटक असेल तर या माणसाने दातांचा नाद सोडून रंगमंच गाठावा.

रविवारी अकराच कार्डांचे फोटो झाले, त्यांनी सांगितलं. मग सर म्हणाले, उजेड गेला, पुढच्या आठवड्यात या. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते.

त्याआधी तुम्ही काही बोललात का, मी विचारलं. डॉक्टरांनी जरा कुरकुर केली. सरांची चहाडी केल्यासारखं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी मोबाइलवर एक फोटो काढून दाखवला. वाळूच्या राणीचं कार्ड. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख, नकाशाच्या कागदावर घालतात तशी.

आता, 'भरतीचक्र' कसं सुचलं ही गोष्ट वाचकांना तोंडपाठ आहे. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेतच आहे. एका सकाळी लेखक दाढी करत होते, बेसिनमधलं पाणी घुळघुळ करत गेलं, आणि त्यांना तळ उघडा पडलेला समुद्र दिसला. दिवस, वार, साल, सगळं दिलेलं आहे. वाचकमंडळ त्या दिवशी दरवर्षी सभा भरवतं.

कार्डावरची तारीख त्या दिवसाच्या सव्वादोन वर्षं आधीची होती. अकराही कार्डांवर तसंच.

डॉक्टरांनी भाबडेपणाने विचारलं होतं, सर, हे कसं? सर हसले होते. म्हणाले, वहिनींनी तारीख चुकीची घातली असणार, त्यांचा गोंधळ होतो.

मी फोटो पुन्हा पाहिला. तीस वर्षं सरकारी नकाशांवर तारखा घालणाऱ्या बाईचा तारखेत गोंधळ, तोही अकरा वेळा सलग. मी दवाखान्यातून थेट लेखकाचं घर गाठलं. वहिनींच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि पलंगावर बॅग भरायला काढलेली होती.

४

भाऊजींनी, म्हणजे लेखकाने, रविवारपर्यंतची मुदत दिली होती. कार्डं परत ठेवा, नाहीतर दुसरीकडे सोय बघा. हे वहिनींनी साड्यांच्या घड्या घालता घालता मला सांगितलं. आवाज चढला नव्हता, पण घडी चार वेळा मोडून पुन्हा घातली जात होती.

मी कार्डांवरच्या तारखांबद्दल विचारलं. त्या थांबल्या, खुर्चीवर बसल्या. मग जे सांगितलं ते एका दमात.

त्यांचे यजमान, लेखकाचे थोरले भाऊ, पुलाच्या कामावर इंजिनियर होते. पाय घसरून पडले आणि कमरेखालचं शरीर गेलं. चार वर्षं ते याच खोलीत, याच पलंगावर होते. वहिनी कचेरीतून येत तोवर माणूस दिवसभर छताकडे बघून थकलेला असे. वाचून दाखवलेलं त्याला आवडेना, म्हणे दुसऱ्यांची दुःखं मला नकोत. तेव्हा एका संध्याकाळी वहिनींनी आपल्या मनाने सुरू केलं. समुद्र गेला आणि परत आलाच नाही. हळूहळू तो माणूस प्रश्न विचारायला लागला. काल नदी पूर्वेला होती, आज पश्चिमेला कशी? हिचा बाप तर मेला होता ना? इंजिनियरच तो, चूक म्हणून सोडत नसे. त्याच्यापुढे खोटं पडू नये म्हणून वहिनींनी कार्डं करायला घेतली. रोज पाच-सहा. त्यावरून त्यांची भांडणंही होत, आणि ती भांडणं हेच त्या घरातलं सुख होतं.

धाकटे भाऊजी तेव्हा कथा लिहीत, पण त्या छापून येत नसत. ते दाराशी स्टूल घेऊन बसत आणि ऐकत.

यजमान गेल्यावर महिन्याभरात भाऊजींनी कार्डं मागितली. चार दिवस बघतो म्हणाले. "मी दिली," वहिनी म्हणाल्या. "मला तेव्हा घरातल्या चमच्याचंही भान नव्हतं." पुढे पहिला खंड आला. अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं: माझ्या एकांताला. "त्या एकांतात मी दिवसातून पाच वेळा चहा नेऊन देत होते."

तुम्ही कार्डं नेलीत का, असं मला विचारावंच लागलं.

"नेली असती तर दिवसाढवळ्या, सांगून नेली असती."

मग बावीस वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. "तुम्ही किती वेळा आलात या घरी? प्रत्येक खंडाला पंधरा दिवस. माझं अक्षर समोर धरून बसायचात. एकदा तरी विचारलंत?"

५

शनिवारी सकाळी लेखकाकडून चार नवी प्रकरणं आली, अडतीस ते एक्केचाळीस. कार्डं गेल्यानंतर लिहिलेली. पाकिटावर त्यांच्याच हाताने लिहिलं होतं: 'स्मरणातून.'

तोवर माझ्याकडे फक्त वहिनींचा शब्द आणि अकरा फोटो होते. तारखा मागाहून घातल्या असंही कुणी म्हणू शकलं असतं. जुनी कार्डं गेल्याने लेखकाचा फायदा होता हे खरं, पण स्वतःची वस्तू परत घ्यायला वहिनींनाही कारण होतं. मुलीला कराराचं ओझं होतं. तिघंही त्याच घरात. मी लाल पेन्सिल घेतली आणि रागारागाने कामाला लागले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

पहिल्याच पानावर अकरा 'आणी'. सगळे दुरुस्त केले. दुसऱ्या पानावर नऊ. एकोणचाळिसाव्या प्रकरणात दोन्ही राण्या आणि खलाशीण एकाच तंबूत समोरासमोर येतात, तब्बल तीस पानं. मी सावध झाले. इथे आत्या-मावशीचा विचका होणं मला अंगवळणी पडलं होतं.

एकही चूक नव्हती. परत पहिल्यापासून पाहिलं. वाळूची राणी सत्तावीस वेळा आत्या, मिठाची राणी एकोणीस वेळा मावशी. चाळिसाव्या प्रकरणात सात नावाडी भाऊ येतात. ते या माणसाला सहा खंडांत कधी नीट मोजता आलेले नाहीत. या वेळी थोरल्यापासून धाकट्यापर्यंत बरोबर क्रमाने. नद्या आपापल्या जागी. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला तपशिलाची एकही दुरुस्ती करावी लागली नाही.

मी पेन्सिल खाली ठेवली.

ही पानं लिहिताना कार्डं समोर उघडी होती. मग कुणासमोर? वहिनींनी किंवा मुलीने लेखकाची चूक आधीच सुधारून पानं पाठवली असतील का? वहिनींच्या डोळ्यांखालून पान गेलं असतं तर त्यावर एकही 'आणी' उरला नसता. मुलीने हात घातला असता तर ते संगणकावरून छापून आलं असतं. ही पानं लेखकाच्या टेबलावरून सरळ माझ्याकडे आली होती, कोंबडीच्या पायांसकट. शुद्धलेखन त्यांचं नेहमीचं. तपशील मात्र कार्डांवरचे.

आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कार्ड उघडून पाहण्याचे कष्ट का घेतले, तेही उघड होतं. या वेळी चुका सुधारायला माझ्याकडे कार्डं नव्हती.

इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही. ज्याने चोरी केली आणि चोर म्हणून घरच्या बाईला दाराबाहेर काढायला निघाला, त्याच्यासाठी माझ्याकडे आदरार्थी बहुवचन शिल्लक नाही.

६

रविवारी सकाळी मी संपादकांना घेऊन गेले. मुलगी होती. वहिनी बॅग घेऊन दिवाणखान्यात बसल्या होत्या. तो वरून खाली आला आणि बॅगेकडे बघून म्हणाला, बरं झालं, तमाशा न करता जाताहात.

मी चार प्रकरणं टेबलावर ठेवली आणि काय दिसलं ते ओळीने सांगितलं. तो हसला. म्हणाला, बाई, सातवा खंड आहे, इतक्या वर्षांनी पाठ होणार नाही का?

"मग आत्ता सांग," मी म्हणाले. "सात भावांतला चौथा कोण?"

त्याने एक नाव घेतलं. तो धाकटा होता. त्याने दुसरं घेतलं. तो थोरला. संपादक कपाळ चोळायला लागले. मुलगी उठली आणि जिन्याने वर गेली. आम्हाला वर खोकी सरकवल्याचे आवाज येत राहिले. सहाव्या खंडाच्या लेखकप्रतींची खोकी त्याच्या टेबलाखाली वर्षभर पडून होती, आत काय आहे ते सगळ्यांना माहीत म्हणून कुणी उघडत नव्हतं. ती खाली आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत कार्डांचे गठ्ठे होते.

"बाबा, हमीवर माझी सही घेणार होतात तुम्ही," ती म्हणाली.

तेव्हा तो भडकला. पाच हजार पानं कुणी लिहिली, त्याने विचारलं. माणसं कार्डांवर चालत-बोलत नाहीत. एका आजारी माणसाला सांगितलेल्या चार गोष्टी कुठे आणि 'भरतीचक्र' कुठे. हे जग वाचकांपर्यंत मी नेलं, नाहीतर ती रद्दीत गेली असती.

त्यातलं अर्धं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पानं त्याने लिहिली होती. चांगली लिहिली होती. ज्या सहाव्या खंडात तो वहिनींची कार्डं सोडून स्वतःच्या कल्पनेवर गेला, तो वाचकांना फिका वाटला होता, पण पहिल्या पाचांतली वाक्यं त्याचीच होती. मागितलं असतं तर वहिनींनी हसत दिलं असतं. त्याला मागायचंच नव्हतं.

वहिनी उठल्या. "पानं तुमचीच आहेत, भाऊजी. मी कधी नाही म्हटलं? पण त्या आजारी माणसाचं नाव तुम्ही सात खंडांत एकदाही घेतलं नाहीत. आणि मला चोर म्हणालात."

तो दाराकडे निघाला. संपादक त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहिले. त्यांचा मला अंदाज आला नव्हता. मला वाटलं होतं ते आता सारवासारव करतील.

७

सारवासारव त्यांनी केलीच, फक्त दोन दिवसांनी.

कंपनीची भेट पुढे ढकलली गेली. मुलीने त्यांना कळवलं की हमीतलं ते वाक्य खोटं आहे आणि ती सही करणार नाही. वहिनी मैत्रिणीकडे राहायला गेल्या. थांबा असं मुलीने परोपरीने सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. कपाटातले नऊ खण काढून, त्यांत आपली कार्डं भरून त्यांनी सोबत नेले.

आणि माझ्याकडे सातव्या खंडाची प्रस्तावना आली. त्यात शेवटी एक ओळ होती: 'कार्डांच्या कामी माझ्या वहिनींची मोलाची मदत झाली.' संपादकांनी फोन करून सांगितलं, यापुढे तो जाणार नाही, आता एवढ्यावर भागवू या.

मी 'मदत' या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि समासात लिहिलं: तथ्यदोष. मग पान तसंच परत पाठवलं. माझ्या सहीशिवाय त्या प्रकाशनातून पान छापायला जात नाही, हा नियम त्यांनीच केलेला. तीन वेळा ते पान आलं, शब्द बदलून. 'बहुमोल सहकार्य.' 'अथक परिश्रम.' 'प्रेरणा.' तिन्ही वेळा मी तोच शेरा मारला. संपादक माझ्यावर ओरडले, मीही ओरडले. शेजारच्या टेबलावरच्यांनी कामं थांबवली. बावीस वर्षं मी त्या खोलीत बसून वेलांट्या तपासत होते, हे मी त्यांना सांगितलं. आता एक गोष्ट तरी बघून सोडणार आहे.

शेवटी मुलीने वडिलांसमोर कंपनीचं पत्र ठेवलं. कंपनी खऱ्या नावानिशी करार करायला तयार होती, नाहीतर मुळीच नाही. त्याने काय लिहायचं ते वहिनींनीच सांगावं, असं ठरलं.

वहिनींनी सांगितलेला मजकूर त्याने लिहून दिला, आणि मी आणि संपादक तो कागद घेऊन वहिनींच्या मैत्रिणीच्या घरी गेलो. त्याच्याच हातचा कागद होता, खाली सही. 'या मालिकेतलं जग माझ्या वहिनीने आजारी नवऱ्यासाठी, माझ्या थोरल्या भावासाठी रचलं. मी ते न विचारता घेतलं. त्या जगाची कार्डं चोरीला गेली असं सांगून मी तिच्यावर आळ घातला.' खाली वहिनी आणि त्यांचे यजमान, दोघांची पूर्ण नावं.

वहिनींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. संपादकांना काहीतरी हवं होतं, एखादा गोड शेवट असावा. ते म्हणाले, वहिनी, त्यांना फार वाईट वाटतंय, एवढं झाल्यावर आता मनात काही ठेवू नका, एकदा घरी या, तेही वाट बघताहेत.

वहिनींनी कागद माझ्या हातात दिला.

"वाक्यं बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "छापा."